घरीच असतेस ना?

सांगलीच्या घरात काम करताना मला भिंत लागते आणि साताऱ्याच्या घरात माणूस लागतं. महिन्यातले काही दिवस मी इथं असते, काही तिथं. काम एकच, पुण्यातल्या एका कंपनीसाठी आरोग्य विम्याचे दावे तपासायचं. दवाखान्याची बिलं, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या दिवसभर लॅपटॉपवर येत राहतात आणि मी ते सगळं पॉलिसीच्या अटींशी ताडून पाहत राहते. २०२० पर्यंत मी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहून हेच काम ऑफिसात करायचे आणि शनिवार-रविवार सांगलीला यायचे. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, लॅपटॉप घेऊन घरी आले, आणि पुढे कंपनीनं आमच्या विभागाला घरून काम करायची मुभा कायमचीच दिली. वडील गेल्यापासून आई साताऱ्यात शनिवार पेठेतल्या घरी एकटी असते, म्हणून तोच लॅपटॉप कराडमार्गे एसटीनं साताऱ्यालाही जातो.

"घरून काम करताना तुझं मन कसं लागतं गं?" असं मला मैत्रिणी विचारतात, भाच्या विचारतात. त्यांना वाटतं, निश्चय पक्का असला की झालं. मला तसं वाटत नाही. मन लागायला आधी जागा लागते, मग त्या जागेची आणि वेळेची राखण करणारं घर लागतं, आणि आपण काय केलं हे पाहणारं कुणीतरी लागतं. ऑफिसात या गोष्टी आयत्या मिळतात, म्हणून त्यांची किंमत कळत नाही. घरी त्या आपल्या हातानं मांडाव्या लागतात, आणि एकटीनं मांडून भागत नाही.

सांगलीत विश्रामबागेतलं आमचं घर भरलेलं आहे. सासू-सासरे, धाकटे दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं आणि आमची मुलगी. सकाळी दहाला मी लॅपटॉप उघडला की कुणीतरी हाक मारतंच. सिलिंडर आलाय, दार उघड. कुरिअरवाल्याला ओटीपी सांग. चुलत सासूबाई आल्यात, जरा बाहेर येऊन बस. घरीच असतेस ना? विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. डबा घेऊन, चपला घालून बाहेर पडलेलं माणूस कामावर गेलं हे घराला कळतं. त्याच घरात खुर्चीवर बसलेली सून कामावर आहे हे घराला दिसत नाही. टाळेबंदीत माझा नवराही घरूनच कॉलेजचे तास घ्यायचा. त्याचं दार लागलं की मुलांना गप्प केलं जायचं आणि चहा दारापर्यंत जायचा. माझं दार लागलं की "बरं वाटत नाही का गं?" अशी चौकशी व्हायची.

हे फक्त आमच्या घरचं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२४ मध्ये देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं, पुरुषांची ८८. याआधीच्या, २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे मधल्या काळात बायकांची १० मिनिटं कमी झाली, आणि पुरुषांचीही ९ झाली! शिवाय ही सरासरी घरकाम करणाऱ्यांचीच आहे. ते मुळी करतच नाहीत असे पुरुष त्यात धरलेले नाहीत. जिच्या दिवसातले पावणेपाच तास आधीच घराला लागलेले आहेत, तिच्या चार भिंतींत नोकरीचे आठ तास आणून ठेवायचे आणि वर तिला 'उत्साही राहा' म्हणायचं, हे मला पटत नाही. आधी तास मोकळे करा, उत्साह मागाहून येतो.

आमच्या घरी ते मोकळे झाले ते सासूबाईंमुळे. एका दुपारी त्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "एवढं दिवसभर वाचतेस तरी काय?" मी पडदा मिटवला आणि कुणाचं नावगाव न घेता त्यांना सगळी साखळी सांगितली. पेशंटला डॉक्टर म्हणतात, आता घरी जा. पण कॅशलेस असेल तर दवाखाना शेवटचं बिल आमच्याकडे पाठवतो, आणि आम्ही मंजुरी दिल्याशिवाय पेशंटला सोडत नाहीत. विमा नियामक प्राधिकरणानं २०२४ मध्ये नियम केला, की डिस्चार्जची विनंती आल्यापासून ३ तासांच्या आत हा निकाल द्यायचा. दाखल होतानाची पहिली मंजुरी तर तासाभरात द्यायची. सासूबाईंचा भाऊ मागे मिरजेत दवाखान्यात होता तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी सगळे सकाळपासून दिवे लागेपर्यंत बाकावर बसून राहिले होते. ते त्यांना आठवलं असावं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "म्हणजे त्या काउंटरच्या पलीकडं तू असतेस होय?" त्या दिवसापासून दारात आलेल्या माणसाला त्याच सांगतात, "ती कामावर आहे, सहानंतर या." माझ्या दाराला याहून चांगली कडी कुणी बसवली नसती.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कामाच्या ओढीचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या मते माणसाला काम करावंसं वाटतं ते तीन गोष्टींमुळे: आपल्या कामात आपलं काही चालतं ही भावना, हात बसत चालल्याचं समाधान आणि माणसांशी जोडलेपण. हे वाचलं तेव्हा सासूबाईंची ती दुपार मला नव्यानं कळली. काम तेच होतं, पगार तोच होता, पण त्या कामाचं मोल ओळखणारं माणूस घरात एक झालं आणि सकाळी बसायला पाय ओढेनासे झाले.

घर आणि काम एका छपराखाली नांदणं आपल्या भागाला काही नवं नाही. सांगलीहून जेमतेम दहा किलोमीटरवर मिरज. तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत घर कुठं संपतं आणि कारखाना कुठं सुरू होतो हे पाहुण्याला समजत नाही. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले आणि पुढच्या पिढ्यांनी ते काम घरातच वाढवलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, लाकडाच्या फळ्या, रंगाचा वास, आणि दोन पावलं आत कुणाचा तरी स्वयंपाक. तिथं मी जवारी लावताना पाहिली. तार ज्या घोडीवरून जाते तिचा पृष्ठभाग कारागीर कानशीनं केसभर घासतो, तार छेडतो, कान लावतो, पुन्हा केसभर घासतो. एक हात जास्त पडला तर झालेलं सगळं वाया. गल्लीत पोरं ओरडत होती, आतून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या, आणि त्या माणसाला कुणीही हाक मारत नव्हतं. त्याच्याभोवती भिंत नव्हतीच. पण कानस हातात आहे आणि मान एका बाजूला झुकली आहे, तेव्हा त्याच्याशी बोलायचं नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमच्या लॅपटॉपच्या कामाला अशी खूण नाही. सिनेमा पाहणारी बाई आणि बिल तपासणारी बाई पाठीमागून सारखीच दिसते. म्हणून मी खूण ठरवून घेतली. खुर्चीच्या पाठीवर निळी ओढणी टाकलेली असली की मी कामावर. चार वर्षांच्या पुतण्यालाही ती कळते.

जागा स्वतंत्र असली तर फारच चांगलं. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्यात 'बामणाचा पत्रा' म्हणून ओळखली जाणारी शेतातली साधी पत्र्याची खोली आहे. गदिमा पुण्याहून गावी आले की तिथं लिहायला बसत. पुण्यात त्यांचा 'पंचवटी' बंगला होता, गावात घर होतं, तरी लिहायला ही जागा होती. माणदेशच्या उन्हात पत्र्याखाली काय सुख असणार? पण तिथं बसलं की लिहायचं, हे जागेशी ठरून गेलेलं असणार, असं मला त्या खोलीबद्दल वाचताना नेहमी वाटतं.

शांघायच्या एका प्रवास कंपनीत २०१० च्या अखेरीस एक मोठा प्रयोग सुरू झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी त्याच्यामागे होते. कॉल सेंटरमधल्या तयार असलेल्या माणसांतून चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून काहींना आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं आणि बाकीच्यांना ऑफिसातच ठेवलं. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. हा आकडा घरून कामाच्या बाजूनं सगळे सांगतात. त्याच प्रयोगातल्या दोन गोष्टी मात्र सांगायच्या राहतात. भाग घ्यायचा तर घरात कामापुरती स्वतंत्र खोली असायला हवी, अशी अटच होती. आणि प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितली तेव्हा बऱ्याच जणांनी पुन्हा ऑफिस मागून घेतलं, कारण घरी फार एकटं वाटत होतं. पहिली गोष्ट वाचली की मला सांगली आठवते, दुसरी वाचली की सातारा.

स्वतंत्र खोली नसेल तर निदान कोपरा अंगाला बसणारा करावा. अंग दुखत असलं की मनाला कितीही समजावून उपयोग नसतो. आपली डायनिंग टेबलं साधारण ३० इंच उंच असतात. माझी उंची पाच फूट. तिथं बसलं की खांदे वर चढतात आणि पाय लोंबकळतात. लॅपटॉपचा तर घडणीतच दोष आहे, की पडदा आणि बटणं एकमेकांना जोडलेली. हात नीट ठेवावेत तर मान वाकते, मान सरळ ठेवावी तर हात वर उचलावे लागतात. मोठ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, ते पुढं झुकवून दिवसभर तोलायचं काम मानेला पडतं. यावरचा उपाय आमच्या देवघरात आणि माळ्यावर होता. लॅपटॉपखाली चौरंग, म्हणजे पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला येते. कीबोर्ड आणि माऊस वेगळे घेतले, ते हजाराच्या आत मिळतात. खुर्चीवर गादी घातली, त्यानं कोपर टेबलाच्या पातळीला, काटकोनात आलं. उंच झाल्यावर पाय टेकेनात, तर त्यांच्याखाली जेवणाचा जुना पाट. कमरेमागे लहान लोड. पडदा हातभर लांब.

काहीजण म्हणतात, आपले पूर्वज मांडी घालूनच लिहायचे की. लिहायचेच. सांगलीत हळदीच्या पेढ्यांवर दिवाणजी गादीवर बसून वह्या लिहीत, पण समोर उतरतं डेस्क असे आणि त्या उतारानं वही डोळ्यांकडे वर यायची. लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगावर बसण्याशी त्याचं नातं नाही. जमिनीवर बसायचं असेल तर पुढ्यात तसं डेस्क घ्या आणि अर्ध्या-पाऊण तासानं उठा. उठणं तर खुर्चीतल्या माणसालाही चुकत नाही. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडचं काहीतरी २० सेकंद पाहा. सांगलीत माझ्या खिडकीतून शेजाऱ्यांचा आंबा दिसतो. साताऱ्यात अजिंक्यतारा दिसतो आणि तिथं वीस सेकंदांवर भागत नाही.

हवामानाप्रमाणं वेळ हलवण्याची मोकळीक हा घरून कामाचा खरा फायदा, आणि तो फार थोडे लोक घेतात. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो आणि आमची पश्चिमेची भिंत तापते. तेव्हा मी अवघड फायली सकाळी साडेसहाला घेते, साडेदहापर्यंत त्या संपवते, आणि दुपारी नुसते फोन आणि पत्रं. साताऱ्यात उलटी तऱ्हा. जूननंतर दिवसचे दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, चारलाच घरात अंधारून येतं आणि बसल्या जागी पेंग येते. तिथं डाव्या हाताला भरपूर उजेडाचा दिवा, पायात मोजे आणि अंगावर आईची शाल घेतल्याशिवाय मी बसतच नाही.

साताऱ्याचं घर शांत आहे. शांतता हवीहवीशी वाटते ती चार तास. आई दुपारी आडवी झाली की शेजारच्या वाड्यातलं भांडंसुद्धा वाजत नाही. ओळ वाचून होते आणि पुन्हा तीच ओळ वाचली जाते. तिथं माझं मन गर्दीनं उडत नाही, एकटेपणानं विझतं. यावर मला माणूस सापडलं ते कराडला. पुण्याच्या ऑफिसातली जुनी मैत्रीण आता तिच्या सासरी राहून दुसऱ्या कंपनीचे हिशेब पाहते. सकाळी दहाला आम्ही फोन करतो, आज काय काय उरकायचं ते एकमेकींना सांगतो, आणि सहाला पुन्हा फोन करून काय झालं ते सांगतो. तीन-चार मिनिटांचं बोलणं. ती माझी साहेब नाही, मी तिची नाही, पण संध्याकाळी कुणीतरी "झालं का गं ते मोठं बिल?" असं विचारणार आहे या भरवशावर दुपार निभते. आदल्या संध्याकाळी उठताना दुसऱ्या दिवशीचं पहिलं काम चिठ्ठीवर लिहून मी कीबोर्डखाली ठेवते. सकाळी कुठून सुरुवात करू असं वाटायलाच जागा राहत नाही.

साताऱ्यात सकाळी मी 'चार भिंती' स्मारकापर्यंत चालून येते. शरीराला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तो हिशेब त्यात बसतोच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मी घरातून बाहेर पडून पुन्हा आत येते, आणि आत येते ती कामाला. गाऊनवर मी कधीच बसत नाही. पंजाबी ड्रेस, केस बांधलेले, पायात घरातल्या चपला. संध्याकाळी आई देवापाशी दिवा लावते तेव्हा लॅपटॉप कपाटात जातो. टेबलावर मिटून ठेवलेला लॅपटॉपसुद्धा डोळ्यांत खुपत राहतो, म्हणून कपाट.

जुलै २०२१ मध्ये सांगलीत कृष्णेला पूर आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी ४५ फुटांची, त्यामुळे या वेळी गावभागातले आमचे नातेवाईक पाणी चढायला लागताच सामान घेऊन आमच्याकडे आले. घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती, वीज जात होती, आणि पुण्यात कोरड्या खोलीत बसलेल्या माझ्या वरिष्ठांना यातलं काहीच दिसत नव्हतं. मी सकाळीच फोन करून सांगितलं, या आठवड्यात माझ्याच्यानं अर्धंच काम होईल. त्यांनी उरलेल्या फायली वाटून दिल्या. घरून काम करणाऱ्याचं संकट ऑफिसला आपोआप कळत नाही. तोंडानं सांगावं लागतं, आणि वेळेवर. त्या आठवड्यात कामात उत्साह दाखवणाऱ्या माणसाची मला काळजीच वाटली असती.

ज्यांच्या घरात ना कोपरा आहे ना कराडची मैत्रीण, त्यांच्यासाठी दोन्ही शहरांत एक सोय गल्लोगल्ली उभी आहे: स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या अभ्यासिका. नेमून दिलेली खुर्ची, आडोसा केलेलं टेबल, वायफाय, इन्व्हर्टर, आणि आजूबाजूला मान खाली घालून वाचणारी पन्नास मुलं. त्या शांततेत एकटं वाटत नाही. मी सांगलीत मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत महिन्याची फी भरून तिथं जाते. अडचण एकच, फोनवर बोलता येत नाही, आणि घरून काम करणाऱ्याला बोलावं लागतंच. आमच्या अभ्यासिकेच्या मालकांना हे सांगितल्यावर त्यांनी जिन्याखालची अडगळीची खोली रिकामी केली, भिंतींना जुन्या सतरंज्या ठोकल्या आणि दारावर वेळांचा तक्ता लावला. नगरपालिकेची, महापालिकेची सभागृहं आणि समाजमंदिरं दिवसा कुलूपबंद असतात. तिथंही दहा टेबलं आणि अशी एक खोली करता येईल, आणि आमच्यासारख्या बायका त्याचं भाडं आनंदानं देतील. सध्या आमच्या त्या खोलीत दुपारी जागा सहज मिळते. संध्याकाळी सहानंतर मात्र नाव आधी लिहावं लागतं, कारण तेव्हा अमेरिकेच्या वेळेनं काम करणारी मुलं-मुली यायला लागतात, तासगावहून, कवठेमहांकाळहून.